मोटारसायकलचे इंडिकेटर, कापलेला मडगार्ड आणि पंधरा वर्षांनंतरचे पासिंग

प्रश्न असा आहे. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहणाऱ्या एका तरुणाने २०१० साली नोंदवलेली १५० सीसीची मोटारसायकल वापरलेल्या स्थितीत विकत घेतली. तो रोज गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो आणि दुसरी पाळी असली की रात्री उशिरा महामार्गाने परत येतो. आधीच्या मालकाने मागचा मडगार्ड कापून नंबरप्लेट सीटखाली ओढून घेतली आहे, मूळचे इंडिकेटर काढून बोटाएवढे एलईडी इंडिकेटर लावले आहेत, हेडलाइटमध्ये पांढराशुभ्र एलईडी बल्ब घातला आहे आणि सायलेन्सरही बदललेला आहे. इंडिकेटर कधी फार भराभर लुकलुकतात, तर कधी एक बाजू लावली असता चारही पेटतात. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत दोन महिन्यांत संपणार आहे. यातले काय कायद्यात बसते, काय बसत नाही आणि पासिंगला नेण्यापूर्वी नेमके काय करावे, असे त्याने विचारले आहे.

मी सव्वीस वर्षे शिवाजी उद्यमनगरात दुचाकींच्या वायरिंगचे आणि विद्युत दुरुस्तीचे काम करतो. त्या अनुभवावर आणि नियम वाचून झालेल्या समजुतीवर हे उत्तर देत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. एलईडी इंडिकेटर लावणे हा स्वतःहून गुन्हा नाही, परंतु आपल्या गाडीवर ते ज्या रीतीने बसवले आहेत ती रीत नियमात बसत नाही. सायलेन्सर आणि हेडलाइटचा बल्ब यांबाबत तडजोडीला जागा नाही, ते दोन्ही मूळ स्थितीत आणावे लागतील. मडगार्ड कापल्यामुळे आणखी तीन वस्तू नाहीशा झालेल्या असतील, त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या मी पुढे सांगतो.

प्रथम कायद्याची रचना समजून घ्यावी, कारण तिथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम कठोरपणे वाचले आणि निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना नोंदणी प्राधिकारी परवानगी देऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. हे ऐकून अनेक तरुण असा युक्तिवाद करतात की आरसी बुकात इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, इंधन, रंग, आसनसंख्या, वजन एवढेच लिहिलेले असते. इंडिकेटरचा उल्लेख कुठेही नसतो. तेव्हा इंडिकेटर बदलले तर कलम ५२ लागत नाही. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच धोका आहे. वाहनाचे दिवे, आरसे, हॉर्न, सायलेन्सर, टायर हे सगळे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या पाचव्या प्रकरणाने स्वतंत्रपणे बांधलेले आहेत. आरसीत शब्द नसला तरी वस्तू नियमाप्रमाणे असलीच पाहिजे.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ सध्याच्या रूपात आले. त्याच्या चौथ्या उपकलमानुसार अधिनियमात किंवा नियमांत परवानगी नसलेला बदल मालकाने केला, त्यात नंतर बसवलेले सुटे भागही आले, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट लक्षात घ्यावेत. आपल्या गाडीवर आज किमान चार बदल आहेत. गुन्हा तडजोडीने मिटवताना प्रत्यक्ष किती रक्कम घ्यायची हे राज्य शासन ठरवते, त्यामुळे रस्त्यावर हातात पडणाऱ्या चलनावरचा आकडा वेगळा असू शकतो. हे बदल आपण केलेले नाहीत, आधीच्या मालकाने केले, हे मला मान्य आहे. परंतु नियमबाह्य स्थितीतील गाडी आज रस्त्यावर चालवणारे आपणच आहात. सदोष वाहन चालवल्याबद्दल कलम १९० च्या पहिल्या उपकलमात दीड हजार रुपयांपर्यंतचा दंड आहे आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले तर तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता इंडिकेटर. नियम १०२ आणि १०३ हे त्यांचे मूळ आहे. दिशादर्शक दिवे विजेवर चालणारे असावेत, त्यांचा रंग पिवळसर नारिंगी असावा, म्हणजे ज्याला वायरिंगच्या धंद्यात ‘अंबर’ म्हणतात तो. त्यांची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी आणि १२० पेक्षा जास्त नसावी. त्यांचा प्रकाश पुढून आणि मागून स्पष्ट दिसावा. आणि ते नीट चालू आहेत की नाही हे चालकाला आपल्या आसनावर बसून कळले पाहिजे. पुढच्या किंवा मागच्या दुसऱ्या दिव्याशी ते एकत्र जोडलेले चालतात, मात्र प्रत्येक दिव्याची स्वतंत्र अट पूर्ण झाली पाहिजे. नियमाची भाषा कोरडी आहे, पण तिच्यातला प्रत्येक शब्द मागून येणाऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे. उचगावच्या पुलाजवळ रात्री अकराला आपल्या मागे रिकामी ट्रॅक्टर-ट्रॉली वेगाने येत असेल, तर आपण डावीकडे उतरणार आहोत हे तिच्या चालकाला दोनच सेकंदांत कळायला हवे. तेवढ्यासाठीच रंग, वेग आणि जागा ठरवून दिली आहे.

रंगापासून पाहू. मूळच्या इंडिकेटरची काच नारिंगी असली तर आत साधा पारदर्शक बल्ब चालतो. काच पांढरी किंवा धुरकट काळी असली तर बल्ब स्वतः अंबर रंगाचा असावा लागतो. स्वस्तातल्या अंबर बल्बवरचा रंग उष्णतेने दोन-तीन वर्षांत पोपडे धरून गळतो आणि मग इंडिकेटर पांढरा लुकलुकू लागतो. अंबर इंडिकेटर, गाडी मागे जात असताना लागणारा दिवा आणि नंबरप्लेटवरचा प्रकाश असे ठरावीक अपवाद सोडले तर मागच्या बाजूला लाल दिव्याशिवाय दुसरा प्रकाश दाखवायला नियम १०८ मनाई करतो. पुढच्या बाजूला लाल प्रकाशही चालत नाही. म्हणून मागे पांढरा लुकलुकणारा इंडिकेटर दोन नियम एकाच वेळी मोडतो. काळी काच तर मी माझ्या गॅरेजमध्ये बसवणे केव्हाच बंद केले आहे. दुपारच्या उन्हात, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, त्या काचेमागचा दिवा पेटला आहे की नाही हे दहा पावलांवरूनही कळत नाही.

उघडझापेच्या वेगाबाबत आपली तक्रार अगदी नेहमीची आहे. तिचे कारण साधे आहे, पण ते नीट कळले नाही तर माणूस चुकीच्या वस्तूवर पैसे घालवतो. आपल्या गाडीला मूळचे १० वॅटचे बल्ब होते, म्हणजे एका बाजूला पुढचा आणि मागचा मिळून २० वॅट. बारा व्होल्टवर त्यातून सुमारे पावणेदोन अँपिअर विद्युतप्रवाह वाहतो. मूळचा फ्लॅशर, म्हणजे टिक-टिक आवाज करणारी ती छोटी डबी, याच भारासाठी बनवलेला असतो. आता दोन एलईडी मिळून जेमतेम तीन वॅट घेतात, म्हणजे पाव अँपिअर. जुना, तापणाऱ्या पत्तीचा फ्लॅशर एवढ्या कमी प्रवाहाने तापतच नाही; मग उघडझाप रेंगाळते किंवा दिवा नुसता पेटून राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये बल्ब गेल्याची सूचना देणारी सोय असते. कमी प्रवाह पाहून तो समजतो की एक बल्ब गेला आहे आणि दुप्पट वेगाने लुकलुकतो. आपल्या गाडीचे हेच झाले आहे. मिनिटाला दीडशेच्या वर गेलेली उघडझाप १२० ची मर्यादा ओलांडते, म्हणून तो केवळ डोळ्यांना होणारा त्रास नसून नियमभंग आहे.

यावर दोन उपाय बाजारात आहेत. एक म्हणजे प्रत्येक एलईडीला समांतर रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणारा तुकडा, जोडून भार खोटाच वाढवणे. दहा वॅटचा भार दाखवण्यासाठी सुमारे साडेचौदा ओहमचा रेझिस्टर लागतो, आणि इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या आसपास गेले की दिवा पेटलेल्या क्षणी तो साडेतेरा वॅटच्या घरात उष्णता टाकतो. हे रेझिस्टर सीटखाली प्लॅस्टिकला किंवा वायरिंगच्या जुडग्याला चिकटवून टेपने गुंडाळलेले मी अनेकदा पाहिले आहेत; दोन गाड्यांच्या बाजूच्या पॅनेलला त्याने छिद्र पडले होते. दुसरा उपाय म्हणजे भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे. २०१० च्या बहुतेक गाड्यांत फ्लॅशर वेगळा असल्याने तो दहा मिनिटांत बदलता येतो. मी हाच उपाय सुचवतो. फक्त विकत घेताना त्याच्या तारांचा क्रम जुळतो का ते पाहून घ्यावे. दोन आणि तीन टोकांचे फ्लॅशर दिसायला सारखे असतात, आणि उलटा जोडलेला फ्लॅशर चालत नाही किंवा जळून जातो. अलीकडच्या काही गाड्यांत हे काम मुख्य नियंत्रक पेटीच करते. तिथे हात घालण्यापूर्वी कंपनीच्या कार्यशाळेत विचारावे.

चारही दिवे पेटण्याचा दोष मात्र फ्लॅशर बदलून जाणार नाही, हे लक्षात असू द्या. जुन्या रचनेत मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच हिरवा दिवा असतो आणि तो डाव्या व उजव्या तारेच्या मध्ये जोडलेला असतो. डावा इंडिकेटर लावला की त्या हिरव्या दिव्यातून थोडासा प्रवाह उजव्या बाजूच्या बल्बांमधून अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, जातो. साधे बल्ब इतक्या कमी प्रवाहाने पेटत नाहीत, म्हणून कंपनीची ती रचना वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली. एलईडी मात्र तेवढ्यावरही पेटतात. त्यामुळे आपण डावीकडे वळत असताना मागच्याला चारही दिवे लुकलुकताना दिसतात आणि गाडी बंद पडली आहे असा त्याचा समज होतो. यावर उपाय दोन डायोडचा, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या भागांचा, आहे: डाव्या आणि उजव्या तारेवरून एकेक डायोड घेऊन त्यांची टोके हिरव्या दिव्याला एकत्र जोडावीत आणि दिव्याचे दुसरे टोक थेट अर्थला न्यावे. डायोडची किंमत चहाच्या एका कपाएवढीही नसते. कारागिराने ते नीट डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून बसवावे. नुसती पीळ दिलेली आणि टेप लावलेली जोडणी कोल्हापूरच्या जुलैत टिकत नाही. आणि हा हिरवा दिवा ‘उगाच कशाला’ म्हणून काढून टाकू नये. चालकाला बसल्या जागी खूण कळावी ही नियम १०३ ची अट त्यानेच पूर्ण होते.

जागेचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. दुचाकी-तीनचाकींवर दिवे कुठे आणि कसे बसवावेत यासाठी आपल्याकडे एआयएस-००९ हे मानक आहे. मोटारसायकलींसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ५३ याच विषयावर आहे आणि त्यात आकडे स्पष्ट दिले आहेत: पुढच्या दोन इंडिकेटरच्या प्रकाशणाऱ्या भागांमध्ये किमान २४० मिलिमीटर अंतर, मागच्या दोहोंमध्ये किमान १८० मिलिमीटर, जमिनीपासून उंची ३५० ते १२०० मिलिमीटर. कामासाठी मी हेच आकडे धरतो. आपण टेप घेऊन मोजलेत तर नंबरप्लेटच्या पट्टीवर लावलेल्या त्या बोटाएवढ्या दिव्यांमधले अंतर बहुधा १८० च्या खालीच निघेल. अंतर का महत्त्वाचे, तर रात्री साठ-सत्तर मीटरवरून जवळजवळ बसवलेले दोन दिवे एकच ठिपका दिसतात. ठिपका लुकलुकतो हे कळते, डावा की उजवा ते कळत नाही. ज्यात ब्रेकचा लाल दिवा आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकाच तुकड्यात असतात, त्या टेललाइटवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. एकत्र जोडणी नियमाला चालते, पण डावे-उजवे ओळखू न येणारी जोडणी इंडिकेटरचे कामच करत नाही.

दिव्यावर कोणती खूण आहे तेही पाहावे. वाहन बाजारात येण्यापूर्वी नियम १२६ नुसार त्याच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी होते. आपल्या राज्यातच पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्था आहेत. गाडीसोबत आलेला इंडिकेटर त्या चाचणीतून गेलेला असतो. बाहेरच्या इंडिकेटरवर वर्तुळात ‘ई’ आणि आकडा कोरलेला असेल तर त्या दिव्याची संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार चाचणी झालेली आहे एवढे कळते. ते चिन्ह भारतीय मान्यतेची जागा आपोआप घेत नाही, तरी कोणतीही खूण नसलेल्या दिव्यापेक्षा तो नक्कीच विश्वासाचा. पाकिटावर छापलेले ‘ई’ धरू नका, ते काचेवर असले पाहिजे. माझा स्पष्ट सल्ला मूळ कंपनीचे इंडिकेटर परत लावण्याचा आहे. त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात, त्यांची रबरी दांडी गाडी आडवी झाली तरी मोडत नाही, आणि फ्लॅशर व डायोड या दोन्हींचा प्रश्न मुळातूनच संपतो.

इथे थोडे विषयालगतचे सांगतो, कारण या जिल्ह्यात ते फार मोठ्या प्रमाणावर घडते. करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यांत पहाटे दूध घालायला निघालेल्या मोटारसायकलींवर दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेल्या असतात. इंडिकेटर शाबूत असतात, फ्लॅशर ठीक असतो, रंग बरोबर असतो, पण मागून पाहिले तर दोन्ही दिवे किटलीच्या आड गेलेले असतात. काही वर्षांपूर्वी माझ्या एका गिऱ्हाइकाला थंडीतल्या धुक्यात, पहाटे पाचच्या सुमारास, मागून येणाऱ्या जीपने उजवीकडे वळताना धडक दिली. त्याने इंडिकेटर लावला होता. गाडी माझ्याकडे आली तेव्हाही तो लुकलुकत होता. जीपवाल्याला तो दिसलाच नव्हता, आणि दिसणे शक्यही नव्हते. त्या गृहस्थांचा पाय वाचला, पण ते चार महिने अंथरुणावर होते. तेव्हापासून किटल्या लावणाऱ्या प्रत्येक गाडीचे मागचे इंडिकेटर मी किटलीच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत येतील अशा पक्क्या कमानीवर सरकवून देतो आणि कमानीला लाल रिफ्लेक्टर लावतो. मूळ दिवेच वापरतो, फक्त जागा बदलतो, कारण प्रकाश मागून स्पष्ट दिसला पाहिजे ही नियमाची अट किटलीने मोडलेली असते. मोटारसायकलच्या हातखुणाही नियमांतून गेलेल्या नाहीत. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा पसरून दाखवणे आजही ग्राह्य आहे, आणि धुक्यात दिव्याच्या जोडीला ते करावेच.

आता मडगार्डकडे येऊ. तो कापून ‘टेल टायडी’, म्हणजे नंबरप्लेट सीटखाली धरणारी आखूड पट्टी, बसवली की त्याच्यासोबत तीन गोष्टी नाहीशा होतात असे मी वर म्हटले. पहिली, नंबरप्लेटवर पडणारा पांढरा प्रकाश. मागची नोंदणी खूण रात्री पंधरा मीटरवरून वाचता आली पाहिजे, अशी नियम १०५ ची अट आहे. दुसरी, मागचा लाल रिफ्लेक्टर, जो गाडी बंद पडून दिवे गेले तरी मागच्याच्या प्रकाशात चमकतो. ऊस हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला थांबावे लागले तर केवळ त्याचाच आधार उरतो. तिसरी, नंबरप्लेट उभी राहण्याची जागा. दुचाकीच्या मागची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटरची असते, आणि ती सीटखाली तिरपी दुमडली की दिसण्याचा हेतूच संपतो. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना कारखान्यातून निघतानाच सक्तीची आहे आणि त्याआधीच्या वाहनांनाही राज्याने ती सक्तीची केली आहे. तिला पुन्हा न वापरता येणारे कुलूप-खिळे असतात, त्यामुळे ती मूळ जागीच बसते. आपली गाडी २०१० ची असल्याने मडगार्ड आधी आणि पाटी नंतर, हाच क्रम ठेवावा. नाहीतर पाटी दोनदा बसवावी लागेल.

मडगार्डसोबत बहुधा मागच्या चाकाचे संरक्षकही काढलेले असेल. नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पक्की धरणी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण तिला साडी गार्ड म्हणतो. ‘माझ्या मागे कोणी साडी नेसून बसत नाही’ असे मुले म्हणतात. माझ्या पाहण्यात ओढणी, पावसाळी कोट, बॅगेचे पट्टे आणि एकदा तर जोतिबाच्या यात्रेहून परतणाऱ्याचे उपरणे चाकात गेलेले आहे.

हेडलाइटचा विषय थोडक्यात संपवतो, कारण त्यात वाद नाही. आपल्या गाडीच्या हेडलाइटचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, ठरावीक जागी पेटणाऱ्या एका तंतूसाठी घडवलेला आहे. त्यात एलईडी घातला की प्रकाशाचा उगम हलतो, झोताची वरची कड फाटते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो. उलट रस्त्यावर मात्र आपल्याला कमीच दिसते. या वर्गाच्या अनेक गाड्यांत ३५/३५ वॅटचा हॅलोजन असतो. तो होल्डरवर लिहिलेल्या प्रकाराचाच घ्यावा. जास्त उजेडाच्या मोहाने ६०/५५ वॅटचा बल्ब घातला तर होल्डर वितळतो, स्विच जळतो आणि चार्जिंग अपुरे पडते. मागे लुकलुकणारे निळे-लाल दिवे किंवा पुढे झगमगणारे पांढरे स्ट्रोब लावले असतील तर ते आजच काढावेत.

सायलेन्सरबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याचा त्रास रस्त्यावरच्या प्रत्येकाला होतो आणि चालकाला मात्र तो ताकदीचा आवाज वाटतो. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकींसाठी निर्मितीच्या वेळची ध्वनिमर्यादा ७७ डेसिबल आहे, १७५ च्या वर ८०. आतली जाळी काढलेल्या सायलेन्सरचा आवाज या मर्यादांच्या कितीतरी पलीकडे जातो. ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० च्या दुसऱ्या उपकलमाखाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्स धारण करण्यास अपात्रता, अशी तरतूद आहे. सीपीआर रुग्णालयाच्या भिंतीलगतच्या रस्त्यावरून असा सायलेन्सर वाजवत जाणाऱ्या मुलाला मी दर वेळी थांबवून सांगतो. आत खाटेवर कोण आहे हे त्याला ठाऊक नसते. मूळ सायलेन्सर वापरलेल्या भागांच्या दुकानात मिळू शकतो, पण घेताना तो आतून पोकळ केलेला नाही ना, हे हलवून आणि हाताने वजन करून पाहावे.

रंग बदलला असेल तर तोही पाहा. रंग आरसीत नोंदवलेला असतो, त्यामुळे काळी गाडी लाल करून तशीच पासिंगला नेली तर ती अडते. परवानगी घेऊन केलेल्या बदलाची नोंद चौदा दिवसांत आरसीवर करून घ्यायची असते. गाडी भाडे-खरेदी करारावर घेतलेली असल्यास नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येत नाही, हेही कलम ५२ मध्येच आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करण्याचा मार्ग कायद्याने स्वतंत्रपणे मोकळा ठेवला आहे, तेव्हा जोडचाके लावलेल्या स्कूटरचे उदाहरण देऊन आपल्या बदलांचे समर्थन करू नये. दोन्ही आरसे, टायरच्या झिजेच्या खुणा, हॉर्न आणि ब्रेक लावल्यावर लागणारा लाल दिवा या गोष्टी निरीक्षक पाहतोच. ब्रेकचा दिवा पुढच्या लिव्हरने आणि मागच्या पेडलनेही लागतो ना, ते स्वतंत्रपणे तपासावे.

पासिंगची रीत अशी. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करायचा असतो आणि तो मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. म्हणजे आपल्याला नेमकी आत्ताच सुरुवात करता येते. चालू विमा, पीयूसी, पर्यावरण कर भरल्याची पावती आणि आरसी बरोबर ठेवावी. गाडी अद्याप आपल्या नावावर झाली नसेल तर ते काम आधी करावे. मुदत संपल्यावर नूतनीकरणाशिवाय गाडी चालवणे म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणे होय, आणि त्याचा दंड या सगळ्या दिव्यांच्या खर्चापेक्षा पुष्कळ मोठा आहे. गाडी रस्त्यावर धोकादायक वाटली किंवा नियमांत बसत नसली तर दोष दूर होईपर्यंत नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार कलम ५३ ने नोंदणी प्राधिकाऱ्याला दिलेला आहे. तपासणीपुरते मूळ भाग लावून नंतर पुन्हा बदल करण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो देणार नाही आणि अशा कामाला माझ्या गॅरेजमध्ये हातही लावत नाही. विमा कंपनीला न कळवता केलेले बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या डोळ्यांसमोर येतात आणि स्वतःच्या नुकसानीचा दावा तिथेच अडकतो.

कामाचा क्रम असा ठेवावा. पहिल्या आठवड्यात मूळ मडगार्ड, साडी गार्ड, रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेटचा दिवा बसवावा. मग मूळ इंडिकेटर आणि मूळ फ्लॅशर लावावा. आधीच्या मालकाने कापलेल्या तारा पाहून सगळ्या जोडण्या नव्याने सोल्डर करून घ्याव्यात आणि मागच्या इंडिकेटरची अर्थ मडगार्डच्या गंजलेल्या बोल्टवर न सोडता स्वतंत्र तारेने चासीला न्यावी. कमकुवत अर्थमुळे एक बाजू मंद लुकलुकते आणि दोष मात्र फ्लॅशरला लागतो. फ्यूज ज्या अँपिअरचा लिहिला आहे तेवढ्याचाच असावा, तारेचा तुकडा लावलेला असल्यास तो काढून टाकावा. त्यानंतर हेडलाइटचा बल्ब आणि सायलेन्सर, मग पीयूसी, आणि शेवटी उच्च सुरक्षा पाटी.

हे सगळे झाल्यावर भर दुपारी गाडी मोकळ्या जागेत उभी करा. आपण सीटवर बसा आणि मित्राला तीस पावले मागे उभे करा. इंजिन मंद चालू ठेवून, हेडलाइट लावून आणि ब्रेक दाबून डावा इंडिकेटर लावा, तो पंधरा सेकंदांत किती वेळा पेटतो ते मित्राने मोजावे, मग उजवा, मग हेच इंजिनचा वेग वाढवून. आकडा १५ ते ३० च्या आत असला पाहिजे, दोन्ही बाजू सारख्या चालल्या पाहिजेत आणि कोणती बाजू आहे हे मित्राला न सांगता ओळखता आले पाहिजे. रात्री पुन्हा एकदा हीच चाचणी पंधरा मीटरवरून नंबर वाचून करावी. यांपैकी एखाद्या ठिकाणी अडखळले तर तारखेची घाई न करता गाडी परत कारागिराकडे न्यावी. साठ दिवसांत त्यासाठी भरपूर वेळ आहे.